पुलापलीकडची भाजी

ड्रायव्हरचा टेम्पो गेला तेव्हा वसाहतीतली भाजीही गेली, पण हे लोकांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

तो घाऊक बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचा. पहाटे माल भरायचा, हॉटेलांना आणि मोठ्या दुकानांना पोचवायचा आणि घरी येताना क्रेटच्या तळाशी जे उरलं असेल ते पिशवीत भरून आणायचा. दबलेले टोमॅटो, वाकडी गाजरं, वरची पानं काढून टाकलेला कोबी, कधी सुटलेल्या पालकाच्या जुड्या. व्यापाऱ्याला ते परत नको असायचं. जिन्यात पाय ठेवला की ड्रायव्हर हाक मारायचा, "चला, लूट आली," आणि प्रत्येक मजल्यावर एखादं तरी दार उघडायचं. तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. तिथपर्यंत पिशवी निम्मी झालेली असायची. त्याची बायको, जिला अख्खी इमारत वहिनी म्हणायची, दारात उभी राहून विचारायची, "जगाचं वाटून झालं असेल तर घरच्यांसाठी काही उरलंय का?"

मग त्याला समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले. एकदा बाजाराच्या फाटकाला टेम्पो घासला, एकदा उभ्या हातगाडीला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली, तीही जुनी, आतल्या आत मुरलेली. डोळ्यांच्या तपासणीत लायसन्स अडकलं ते अडकलंच. व्यापारी भला माणूस होता. पण भल्या माणसालाही धूसर डोळ्यांच्या माणसाच्या हातात टेम्पो देता येत नाही. नोकरी गेली, ड्रायव्हर हे नाव तेवढं राहिलं.

वसाहत हायवेच्या कडेला होती. जुनी वस्ती पाडून तिथे रस्ता केला तेव्हा सगळ्यांना इकडे आणून सोडलं होतं. सोडताना मंडई देऊ म्हणाले होते, आणि खोटं कशाला बोला, मंडई बांधलीही होती. पत्र्याची शेड, सिमेंटचे ओटे, पाण्याचा नळसुद्धा. भाजीवाले मात्र कोणी आले नाहीत. ओट्यांवर लोक गोधड्या वाळत घालायचे. सुरुवातीला बाजारात थेट जाणारी बस होती. प्रवासी पुरत नाहीत म्हणून ती बंद झाली. आता बाजारात जायचं तर हायवेवरचा लोखंडी पूल चढायचा, पलीकडे उतरायचं, एक बस धरायची, मध्ये बदलायची. म्हाताऱ्या माणसांनी तो पूल कधीच सोडून दिला होता.

अलीकडे होतं ते एक दुकान. दुकानदाराला सगळे पुडीवाला म्हणायचे. बिस्किटं, वेफर्स, नूडल्स, बन, सरबताच्या बाटल्या, दुधाची भुकटी. त्याच्याकडे काहीही मागा, ते पुडीतच यायचं. तो स्वतःच हसून सांगायचा, "जे पुडीत बसत नाही ते माझ्या दुकानात बसत नाही." पोट सुटलेला, गोड स्वभावाचा माणूस होता. त्याला घरदार नव्हतं, दुकानामागच्याच खोलीत राहायचा आणि विकायचा तेच खायचा.

ड्रायव्हरची साखर काही केल्या उतरेना, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने दोघांना समोर बसवलं.

"काका, हिरव्या भाज्या खायच्या. काकडी, गाजर, कोबी. बन बंद, बिस्किटं बंद, नूडल्स बंद. पाकिटातलं सगळं बंद."

"मग चालू काय ते सांगा," ड्रायव्हर म्हणाला.

सिस्टरला हसू आलं. वहिनीला आलं नाही. ती म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडे भाजी मिळत नाही हो."

"महाग झालीय खरी, पण काकू, औषधांपेक्षा..."

"महागाचं नाही म्हणत मी. मिळतच नाही. दुकानच नाही."

सिस्टरचं पेन थांबलं. ती तरुण होती, शहराच्या दुसऱ्या टोकाकडून यायची. "बघा, काहीतरी जमवा," ती हळू आवाजात म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. वहिनीला तिचा राग नाही आला. त्या पोरीच्या हातात तरी काय होतं.

वहिनी हॉटेलांच्या एका लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. दिवसभर उभं राहायचं, वाफेत. संध्याकाळी सुटेपर्यंत बाजार आवरलेला असायचा. आठवड्याची एक सुट्टी मिळायची, तेवढ्यात कपडे, पाणी, दवाखाना सगळं उरकायचं. त्यातूनच तिने बाजार काढला. सुट्टीच्या दिवशी लवकर उठून दोन पिशव्या घेऊन पूल चढायची आणि उन्हं चढायच्या आत परत यायची.

पहिल्या खेपेला ड्रायव्हरने पिशवीत डोकं घालून वास घेतला. "काकडी कोवळी मिळाली तुला. तो शेवटच्या गाळ्यावरचा बुटका देतो ना? लबाड आहे, पण माल चांगला ठेवतो."

दुसऱ्या खेपेला शेजारीण म्हणाली, "वहिनी, जातेसच तर माझ्यासाठी एक कोबी आण ना." खालची बाळंतीण म्हणाली, तिला पालेभाजी खायला सांगितलीय. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना दात नव्हते, त्यांना भोपळा हवा होता. या सगळ्यांनी ड्रायव्हरच्या टेम्पोतली भाजी वर्षानुवर्षं खाल्ली होती आणि वहिनीनेच ती दारोदार दिली होती. आता नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. दोन पिशव्यांच्या चार झाल्या. पुलाच्या प्रत्येक टप्प्यावर ती पिशव्या खाली ठेवायची, बोटांवरचे वळ चोळायची, पुन्हा उचलायची. घरातला फ्रिज लहान, त्यात वीज जायची. आठवडा निम्म्यावर आला की पाला काळा पडायचा आणि उरलेल्या दिवसांसाठी पुन्हा पुडीवाल्याचं दार.

काही महिन्यांतच तिचा उजवा खांदा उचलेनासा झाला. लाँड्रीत इस्त्री डाव्या हाताने ओढायला लागली तेव्हा मुकादम म्हणाली, "बाई, हात धरला असेल तर घड्या घालायला बस, पण मग पगार घडीचा, कमी मिळेल." वहिनीने दात आवळले आणि उजवा हात इस्त्रीवर ठेवला.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता सरळ दुकानात शिरली.

"भाऊजी, तुम्ही भाजी का ठेवत नाही?"

पुडीवाला बाकावर बसून शेंगदाणे खात होता. "वहिनी, ठेवली असती. मला घाऊकवाला गाडीने माल आणून देतो, त्याच्याकडे भाजी नाही. बाजारातून आणायची तर मी दुकान टाकून जाऊ कसा?"

"यांच्या जुन्या व्यापाऱ्याचा टेम्पो हायवेवरून जातो. यांनी शब्द टाकला तर एखादा क्रेट पुलाखाली उतरवून देईल."

"आणि नाही खपली तर?"

"खपेल. अख्खी इमारत मागतेय माझ्याकडे."

पुडीवाल्याने शेंगदाण्यांची फोलं फुंकली. "तुम्ही म्हणताय म्हणून," तो म्हणाला.

ड्रायव्हरने व्यापाऱ्याला फोन केला. बोलताना त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, मोठा आणि थट्टेचा. क्रेट येऊ लागले. पहिल्या दिवशी दुकानापुढे गर्दी झाली, टोमॅटो हातोहात गेले, मावशींनी भोपळा छातीशी धरून नेला. ड्रायव्हर खुर्ची टाकून तिथेच बसला आणि कोणती काकडी कडू निघेल ते बायकांना सांगत राहिला. कोणी ऐकलं, कोणी हसण्यावारी नेलं. पण तो बसला होता, बोलत होता, आणि वहिनीला तेवढंही पुष्कळ वाटलं.

पण उन्हाळा होता. दुपारपर्यंत पाला मान टाकायचा, आणि वसाहतीतली माणसं यायची संध्याकाळी. कारखान्यांतून, साफसफाईच्या कामांवरून, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून थकून आलेल्या बायका सुकलेल्या जुड्या उलट्यासुलट्या करायच्या आणि नूडल्सची पाकिटं घेऊन जायच्या. निवडा, धुवा, चिरा, शिजवा, यासाठी अंगात त्राण लागतं. पाकिटाला नुसतं गरम पाणी लागतं. वहिनी त्यांना काय बोलणार? तिच्याही पिशवीत कधीकधी तेच पाकीट असायचं.

पुडीवाल्याने मग दुकानातल्या मोठ्या काचेच्या फ्रिजमध्ये, सरबताच्या बाटल्या सरकवून, खालच्या फळीवर पालक ठेवला. पालक छान टिकला. पण तो फ्रिज त्याचा नव्हता. सरबताच्या कंपनीने फुकट ठेवायला दिला होता. कंपनीचा माणूस तपासणीला आला, फ्रिज उघडला, पालकाची जुडी दोन बोटांत धरून बाहेर काढली.

"हे काय?"

"पालक," पुडीवाला म्हणाला.

"ते दिसतंय मला. करारात काय लिहिलंय? यात फक्त आमच्या बाटल्या."

"साहेब, एक फळी. माणसं आजारी आहेत इथली."

"मी काय करू? मला फोटो पाठवावा लागतो. पुन्हा दिसलं तर फ्रिज उचलून नेतील, आणि मग मलाच विचारतील की आधी का नाही कळवलं." तो माणूसही दमलेला दिसत होता. त्याने जुडी गल्ल्यावर ठेवली, बाटल्या सरळ रांगेत लावल्या, फोटो काढला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात पुडीवाल्याने व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं. वहिनीला सांगायला तो स्वतः जिना चढून आला, धापा टाकत. "सरबत गेलं तर माझं दुकान जातं, वहिनी. सडलेलं किती दिवस टाकू?" वहिनीने त्याला पाणी दिलं. आतल्या खाटेवर ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

त्यानंतर तो चिडचिडा झाला. दुपारी एकटा असताना बिस्किटं खायचा आणि रिकामी पुडी उशीखाली सारायचा. वहिनीला चादर झटकताना ती सापडायची.

"अहो, कशाला लपवता? मी काय पोलीस आहे?"

"मग काय खाऊ? भूक लागते मला. तू सांग, या घरात खाण्यासारखं काय आहे?"

तिने फडताळाकडे पाहिलं. तिथे पुडीवाल्याकडच्याच पुड्या होत्या.

"चार पावलांवर बाजार असता तर मी रोज आणली असती भाजी," तो म्हणाला. "आयुष्यभर जगाला पोचवली. घरात आणता येत नाही. माणसाने तोंड कुठे लपवावं?"

"तोंड लपवायला तुम्ही काय चोरी केलीत? झोपा आता जरा."

पण त्याने मनात घेतलं होतं. एके दिवशी वहिनी कामावर गेल्यावर त्याने गोळी घेतली, गाडी चालवताना घालायचे ते जुने बूट चढवले आणि बाहेर पडला. पुलाच्या पायऱ्या त्याच्या डोळ्यांना एकमेकींत मिसळलेल्या दिसायच्या, म्हणून तो हायवेच्या कडेकडेने लांबच्या सिग्नलपर्यंत चालत गेला. अंगाला घासून ट्रक जात होते. तिथून रस्ता ओलांडून बस धरली. बाजारात शिरला तर हमालांनी त्याला मिठ्या मारल्या. लबाड बुटक्याने पिशवी भरून दिली आणि वर म्हणाला, "टेम्पोवाल्याला मी कधी कमी माल दिलाय का?"

परतीच्या वाटेवर सिग्नलपाशी त्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचा रस्ता पांढरा झाला. सकाळपासून पोटात गोळीशिवाय काही नव्हतं. तो पेट्रोल पंपाच्या भिंतीला टेकून बसला. पंपावरच्या पोरीने त्याच्या तोंडाला सरबताची बाटली लावली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

वहिनी घरी आली तेव्हा तो मोरीशी बसून पालक धूत होता. जमिनीवर पाणीच पाणी, त्यात हिरवी पानं, आणि तो असा हसत होता जसा तिने फार दिवसांत पाहिला नव्हता.

"एकटे गेलात?"

"टेम्पो नव्हता, एवढंच."

तिला रागवायचं होतं, पण रागावता आलं नाही. तिने भाजी टाकली. त्याने शेजारणीला, बाळंतिणीला, मावशींना हाका मारून थोडी थोडी दिली. दोघं पोटभर जेवली. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "जरा बूट ओढ माझे. आल्यापासून निघेनात, पाय फुगल्यासारखे झालेत." तिने बूट ओढला. मोजा टाचेला आणि करंगळीला चिकटला होता. तो सोडवला तसं खालचं कातडंही त्याच्याबरोबर आलं. बुटाच्या तळात वर आलेला खिळा होता.

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"काय?"

त्याला काहीच कळत नव्हतं. दिवसभर तो त्या खिळ्यावर चालला होता.

दवाखान्यात मलमपट्टी झाली, गोळ्या मिळाल्या, आराम सांगितला. सिस्टरने जखम पाहून ओठ चावला. "काका, एवढं चालायचं असतं का?" ती म्हणाली. तो ओशाळून म्हणाला, "भाजी आणायला गेलो होतो." तिने पट्टी फार हळुवार बांधली.

जखम भरली नाही. आधी बोट काळं पडलं, मग त्याच्या शेजारचं. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, थांबलो तर गुडघा जाईल. ड्रायव्हरने छताकडे बघत विचारलं, "उजवा म्हणजे ब्रेकचा. तो काढायचा?" डॉक्टरांना काही समजलं नाही. वहिनीला समजलं, आणि ती बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीशी उभी राहिली.

इस्पितळात मात्र जेवण चांगलं होतं. रोज ताटात भाजी, कापलेली काकडी, एखादं फळ. तिथल्या दिवसांत त्याची साखर प्रथमच ताब्यात आली. डॉक्टर खूश झाले. "असंच चालू ठेवा घरी," ते म्हणाले. वहिनी मान हलवत राहिली. मान हलवण्याशिवाय दुसरं काय करायचं ते तिला कळेना.

घरी आणताना शेजारच्या पुरुषांनी त्याला खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर चढवलं. तेव्हापासून तो खाली उतरला नाही. वहिनीची सुट्टी ड्रेसिंगच्या फेऱ्यांत जायला लागली. बाजार सुटला. खांदा आता केस विंचरायलाही वर जाईना. मावशी कधी पातळ पेज आणून द्यायच्या, शेजारीण कधी काही. पण त्यांच्याही घरात जे पुडीवाल्याकडे मिळायचं तेच होतं.

एका संध्याकाळी पुडीवाला भेटायला आला. हातात बिस्किटांचा पुडा होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, साखर नाही. तो पुडा कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी खाटेच्या कडेवर ठेवला.

"दुसरं काही नाही माझ्याकडे आणायला, दादा."

"अरे, बस. तू आलास हेच खूप." ड्रायव्हरने पुडा उघडून त्यालाच एक दिलं. दोघांनी बिस्किटं खाल्ली. ड्रायव्हर म्हणाला, "नुसता पुठ्ठा लागतोय रे." पुडीवाला म्हणाला, "म्हणूनच त्यात साखर घालतात." दोघं हसले.

निघताना पुडीवाला दारात घुटमळला. वहिनी जिन्यापर्यंत पोचवायला आली तसा आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, जरा बघता का? मला वाकून दिसत नाही. टाचेला काहीतरी झालंय. चप्पल चावली असेल." त्याने कठड्याला धरून पाऊल मागे उचललं.

वहिनीने जिन्यातल्या दिव्याखाली टाच हातात धरली. मध्यभागी भोक होतं, कडा पांढऱ्या, आत काळपट. तिने बोटाने कडेला दाबलं.

"दुखतं?"

"कुठे?" त्याने विचारलं.

तिने पाऊल अलगद खाली ठेवलं. "भाऊजी, उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. परवा नाही."

"दुकान कोण बघणार?"

"बंद ठेवा."

"मग लोक खातील काय?" तो खरंच विचारत होता.

"काहीही खातील. तुम्ही जा."

तो गेला. तिच्या म्हणण्याखातर गेला आणि तिथूनच त्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. पहिल्या दिवशी लोक त्याच्यासमोर रेंगाळले, दुसऱ्या दिवशी कोणीतरी शटर हलवून पाहिलं. बाळंतीण कडेवर मूल घेऊन वर आली आणि वहिनीला विचारू लागली की दुधाची भुकटी आता कुठे मिळेल. जणू वहिनीला माहीत असणारच.

वहिनी लाँड्रीतून सुटल्यावर पेट्रोल पंपावर गेली. तिथे छोट्या खिडकीत बन आणि वेफर्स ठेवायचे. खिडकीपुढे रांग होती आणि रांगेतलं प्रत्येक माणूस ओळखीचं होतं. शेजारीण होती, मावशींचा जावई होता, खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ होते. वहिनी पाठीमागे उभी राहिली, पिशवी डाव्या खांद्यावर नीट सरकवली आणि रांग सरकली तशी पुढे सरकली.